विकत घेतलेले सॉफ्टवेअर नेमके कोणाचे?

नवा संगणक आला की घरात आनंद होतो. छायाचित्रकार, पुस्तकांची मांडणी करणारे, जाहिरातींची रेखाटने करणारे किंवा चित्रफितींचे संकलन करणारे यांच्या पोटात मात्र गोळा येतो. यंत्र नवे असते, वेगवान असते. पण ज्या सॉफ्टवेअरवर पोट चालते ते त्यावर चढेल का, चढलेच तर सुरू होईल का, आणि सुरू झाले तरी पाच वर्षांपूर्वीच्या फायली उघडेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या हाती नसतात. ती दूरदेशीच्या कोणा कंपनीच्या सर्व्हरवर असतात.

वरवर पाहता ही तांत्रिक कटकट वाटते. कुठला तरी त्रुटी-क्रमांक पडद्यावर झळकतो, कोणी जाणकार मित्र येतो, रात्र जागवून काम मार्गी लावतो आणि विषय संपतो. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांतील घटना एका ओळीत मांडल्या तर वेगळेच चित्र उभे राहते. इन्स्टॉल करणे ही एके काळी ग्राहकाची कृती होती, ती कंपनीची परवानगी झाली. नवी आवृत्ती घेणे हा ग्राहकाचा निर्णय होता, ती मासिक वसुली झाली. या कटकटीच्या मुळाशी तंत्रज्ञानापेक्षा मालकीचा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी अ‍ॅडोबी या अमेरिकी कंपनीचा प्रवास पाहणे पुरेसे आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन ही तिची सॉफ्टवेअर जगभरच्या छपाई आणि दृश्यव्यवसायाचा कणा आहेत.

कुलूप कोणाच्या घराला?

नव्वदच्या दशकात फोटोशॉप खोक्यातून येत असे. डिस्क संगणकात घालायची, खोक्यावरचा अनुक्रमांक टाइप करायचा आणि कामाला लागायचे. २००३ मध्ये अ‍ॅडोबीने आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरची मोट बांधून ‘क्रिएटिव्ह सूट’ बाजारात आणला आणि त्याच सुमारास विंडोजवरील फोटोशॉपला ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ची अट लावली. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅकिंटॉशधारकही या अटीच्या कक्षेत आले. आता अनुक्रमांक पुरेसा राहिला नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधणार, तो या संगणकाची नोंद करणार आणि मगच काम सुरू होणार. परवाना दोन संगणकांपुरता असे. तिसरे यंत्र घेतले तर आधीच्या एकावरची नोंद रीतसर रद्द करावी लागे.

नियम कागदावर सरळ होता. अडचण अशी की हार्ड डिस्क पूर्वसूचना देऊन बंद पडत नाही. ती बंद पडली की रद्द करायची नोंद तिच्याबरोबरच जाई आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाला दूरध्वनीवर आपल्या प्रामाणिकपणाची ग्वाही द्यावी लागे. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीच्या काळात ‘१५०:३०’ हा त्रुटी-क्रमांक बराच कुप्रसिद्ध झाला. जुन्या मॅकवरून नव्या मॅकवर सर्व माहिती जशीच्या तशी उतरवली की परवान्याची नोंद बिघडे आणि सॉफ्टवेअर सुरू व्हायलाच नकार देई. पुन्हा इन्स्टॉल करावे तर आधीचे अवशेष आडवे येत. ते पुसण्यासाठी कंपनीला स्वतंत्र सफाई-साधन उपलब्ध करून द्यावे लागले. आपलेच सॉफ्टवेअर नीट काढता यावे म्हणून आणखी एक सॉफ्टवेअर, अशी ही तऱ्हा होती.

कंपनीचे म्हणणे असे की हे सारे चोरीला आळा घालण्यासाठी आहे. चोरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही मोठ्या शहराच्या संगणक बाजारात ती उघड दिसत असे. पण चोरीच्या प्रतीतून अ‍ॅक्टिव्हेशनची तपासणीच काढून टाकलेली असे. त्यामुळे ती वापरणाऱ्याला कोणताच त्रास नव्हता. तपासणीचा जाच होता तो पावती जपून ठेवणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण इथे शब्दशः लागू पडली.

या व्यवस्थेचा खरा धोका मात्र उशिरा कळला. परवानगी देणारा सर्व्हर हा कंपनीच्या खर्चाचा भाग असतो आणि खर्च कधी ना कधी कमी केला जातो. दुसऱ्या आवृत्तीचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर अ‍ॅडोबीने बंद केले आणि २०१३ च्या जानेवारीत जुन्या ग्राहकांसाठी तपासणी नसलेली प्रत संकेतस्थळावर ठेवावी लागली. कंपनीने आपले सॉफ्टवेअर फुकट वाटायला काढले, असा गैरसमज तेव्हा जगभर पसरला. वास्तविक ती दिलदारी नव्हती. आपण लावलेल्या कुलपाची किल्ली आपणच फेकून दिल्यावर दुसरे काही करणे शक्यच नव्हते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅपलने ‘कॅटलिना’ ही मॅकची नवी कार्यप्रणाली आणली आणि ३२-बिट सॉफ्टवेअरला कायमचा निरोप दिला. सहाव्या क्रिएटिव्ह सूटमधील फोटोशॉप ६४-बिट होते, म्हणजे या बदलातून ते तरायला हवे होते. पण ते संगणकावर चढवणारा आणि त्याचा परवाना तपासणारा भाग ३२-बिट होता. घर शाबूत आणि कुलूप गंजलेले, म्हणून घरमालक बाहेर, अशी अवस्था अनेकांची झाली. सॉफ्टवेअर निकामी केले ते त्याच्या राखणदाराने.

नवे घ्याच, नाहीतर…

अद्ययावत आवृत्तीची सक्ती याहून सूक्ष्म मार्गाने होते. इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडत नाही. २००८ पासून त्यासाठी अदलाबदलीचा वेगळा फाइल-प्रकार उपलब्ध आहे, पण तो आठवणीने निवडून पाठवावा लागतो आणि घाईच्या वेळी ती आठवण कोणालाच राहत नाही. साहजिकच जाहिरात संस्थेने नवी आवृत्ती घेतली की तिच्या फायली घेणारा छपाईवाला, त्याच्याकडे काम देणारा प्रकाशक आणि प्रकाशकाचा मांडणीकार असे सगळे एकामागोमाग ओढले जातात. एकाच्याही कामाला नव्या सोयींची गरज नसली तरी चालते. साखळीतील एक कडी बदलली की पुरे.

यात कंपनीने धोरणाची भर घातली. क्रिएटिव्ह सूटच्या तीन आवृत्त्या मागे असलेल्या ग्राहकालाही सवलतीत नवी आवृत्ती मिळत असे. अनेक लहान व्यावसायिक एक-दोन आवृत्त्या गाळून खर्चाचा मेळ घालत. नोव्हेंबर २०११ मध्ये ही मुभा केवळ नजीकच्या आवृत्तीपुरती राहील, असे कंपनीने जाहीर केले. ओरड झाल्यावर २०१२ च्या अखेरपर्यंत जुन्या ग्राहकांना सवलत वाढवून मिळाली, एवढेच. मे २०१२ मध्ये फोटोशॉपच्या पाचव्या सूटमधील आवृत्तीत सुरक्षेची गंभीर त्रुटी आढळली, तेव्हा कंपनीने सुचवलेला उपाय होता पैसे भरून सहावी आवृत्ती घेण्याचा. विकलेल्या घराचे छत गळते, म्हणून शेजारचे नवे घर घ्या, असे सांगण्यासारखे हे होते. टीका झाल्यानंतर कंपनीने जुन्या आवृत्तीची दुरुस्ती मोफत देण्याचे मान्य केले.

हा दोष एकाच कंपनीचा नाही. जून २०११ मध्ये अ‍ॅपलने ‘फायनल कट प्रो’ या संकलनाच्या सॉफ्टवेअरची संपूर्ण नवी आवृत्ती आणली. वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ हा चित्रपट ज्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर संकलित केला, त्याची ही वारस. किंमत ३०० डॉलरच्या आत आली, हे स्वागतार्ह होते. परंतु नव्या आवृत्तीत जुन्या आवृत्तीतले प्रकल्प उघडतच नव्हते, अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणाचे एकत्र संकलन करण्याची सोय नव्हती आणि जुन्या आवृत्तीची विक्रीही त्याच वेळी थांबवली गेली. काही सोयी पुढच्या काळात परत आल्या. तोवर अनेक व्यावसायिक संकलकांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली होती. सुधारणा म्हणून जे दिले जाते ते ग्राहकाच्या कालच्या श्रमांना ओळखही दाखवत नसेल, तर त्याला सुधारणा म्हणायचे का?

मालकाचा भाडेकरू

मे २०१३ मध्ये या प्रवासाचे निर्णायक वळण आले. क्रिएटिव्ह सूटच्या नव्या आवृत्त्या निघणार नाहीत, यापुढे सारे काही ‘क्रिएटिव्ह क्लाउड’च्या वर्गणीतूनच मिळेल, असे अ‍ॅडोबीने जाहीर केले. हैदराबादेत वाढलेले शंतनू नारायण तेव्हा कंपनीचे मुख्य कार्यकारी होते. विरोधाच्या निवेदनावर हजारो ग्राहकांनी सह्या केल्या. निर्णय बदलला नाही.

हिशेब पाहण्यासारखा आहे. सहाव्या सूटच्या काळात अमेरिकेत एकट्या फोटोशॉपची किंमत ६९९ डॉलर, छपाईच्या कामाला पुरेशा संचाची १,२९९ डॉलर आणि सर्व सॉफ्टवेअर असलेल्या ‘मास्टर कलेक्शन’ची २,५९९ डॉलर होती. वर्षाच्या कराराने वर्गणी महिन्याला सुमारे ५० डॉलर, म्हणजे वर्षाला ६०० ठरली. ज्याला सगळा संच हवा त्याला खरेदीच्या रकमेइतकी वर्गणी भरायला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. शिवाय दर सुधारणा आपोआप मिळते. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाला एकरकमी दीड-दोन लाख रुपये उभे करण्यापेक्षा मासिक हप्ता सोपा वाटतो, हेही खरे. छायाचित्रकारांसाठी त्याच वर्षी आलेली दहा डॉलरची स्वतंत्र योजना तर अनेकांना वरदान वाटली. वर्गणीत ग्राहकाचे काहीच हित नाही, असे म्हणणे एकांगी ठरेल.

परंतु ज्याला फक्त मांडणीची सॉफ्टवेअर हवी आहेत आणि जो एकदा घेतलेला संच पाच-सहा वर्षे वापरत असे, त्याची खरेदीची रक्कम सव्वादोन वर्षांतच वर्गणीत जाते. त्यानंतरही भरणा थांबत नाही आणि थांबवला तर हाती काहीच उरत नाही. फायली आपल्या संगणकावर राहतात, त्या उघडून बदलण्याचे साधन तेवढे निघून जाते. दरवाढ कधी आणि किती, हेही घरमालकच ठरवतो. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत या संपूर्ण संचाचे नाव बदलून महिन्याचा दर ७० डॉलरच्या घरात गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी त्यात आल्या, असे समर्थन झाले. कंपनीच्या दृष्टीने हे गणित किती यशस्वी ठरले, हे ताळेबंद सांगतो. २०१३ च्या आर्थिक वर्षात चार अब्ज डॉलरच्या आसपास असलेले तिचे एकूण उत्पन्न २०२४ मध्ये साडेएकवीस अब्जांवर पोहोचले.

भाडेकरूची असुरक्षितता पैशांपुरती मर्यादित नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ३ कोटी ८० लाख सक्रिय खातेधारकांची माहिती चोरांच्या हाती गेली. ज्या खात्याशिवाय काम करता येत नाही, तेच खाते फुटले. मे २०१४ मध्ये खात्यात प्रवेश देणारी यंत्रणा एका दिवसाहून अधिक काळ बंद पडली. आधी सुरू असलेली सॉफ्टवेअर चालत राहिली, पण नव्याने प्रवेश करू पाहणारे ताटकळले. मे २०१९ मध्ये जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या वर्गणीदारांना कंपनीने कळवले की या आवृत्त्यांचा परवाना आता उरलेला नाही. वापर सुरू ठेवल्यास तिसऱ्या पक्षाकडून दावा होऊ शकतो, असेही बजावले. म्हणजे वर्गणी नियमित भरूनही जुने, सवयीचे, आपल्या यंत्राला झेपणारे रूप टिकवण्याची मुभा नाही.

आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हेनेझुएलातील ग्राहकांना जो अनुभव आला तो तर डोळे उघडणारा होता. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये काढलेल्या निर्बंधांच्या आदेशाचा हवाला देऊन कंपनीने त्या देशातील सर्व खाती बंद करण्याचे जाहीर केले. २८ ऑक्टोबरपर्यंत आपापल्या फायली उतरवून घ्या, असे सांगण्यात आले. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, असे आधी म्हटले गेले आणि नंतर ते बदलले गेले. अखेरीस अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली आणि सेवा चालू राहिली. संकट टळले, पण धडा उरला. खोक्यातले सॉफ्टवेअर परराष्ट्र धोरणाच्या कक्षेबाहेर होते. भाड्याचे सॉफ्टवेअर तसे नाही.

देवनागरीची दुहेरी कोंडी

मराठी मुद्रणव्यवसायाने हा प्रवास आणखी एका जाचातून केला आहे. १९८५ मध्ये आल्डस कंपनीने आणलेले आणि १९९४ मध्ये अ‍ॅडोबीकडे आलेले ‘पेजमेकर’ हे मराठी डीटीपीचे आधारस्तंभ होते. पण त्याला देवनागरी कळत नव्हती. म्हणून श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची प्रणाली अशा भारतीय पर्यायांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवले. पडद्यावर ‘क’ दिसे, संगणक मात्र आत रोमन चिन्हच मानत असे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या फाँटमधला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये उघडला की अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटे. यांतल्या अनेक पॅकेजांबरोबर संगणकाच्या मागे खोचायचे ‘डोंगल’ही असे. ते हरवले की सॉफ्टवेअर हरवले. संगणकांवरून जुने प्रिंटर पोर्ट नाहीसे झाले, तेव्हा चालते सॉफ्टवेअरही केवळ डोंगल खोचायला जागा नाही म्हणून अडले.

पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तीच शेवटची ठरली. २००४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवला. ग्राहकांनी इनडिझाइनकडे वळावे, ही अपेक्षा होती. परंतु इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसवण्याची अधिकृत सोय यायला २०१२ ची सहावी आवृत्ती उजाडावी लागली. मराठीसह दहा भारतीय भाषांची व्यवस्था आणि ‘अ‍ॅडोबी देवनागरी’ हा फाँट तिच्याबरोबर आला. जोडाक्षरे जागेवर, वेलांट्या जागेवर, रफार जागेवर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. एकवीस वर्षांनी ती इनडिझाइनच्या पानावर अवतरली आणि पुढच्याच वर्षी कायमच्या मालकीचा परवाना बंद झाला. देवनागरी दुकानाच्या दारात पोहोचेपर्यंत दुकानाचे नियम बदलले होते.

याचा परिणाम आजही जाणवतो. जुन्या फाँटमध्ये बसवलेल्या एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची तर प्रकाशकापुढे दोनच वाटा असतात. जुना संगणक, जुनी विंडोज आणि जुने पेजमेकर देवघरातल्या मूर्तीसारखे जपायचे, किंवा सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करायचा. रूपांतरात जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो आणि तीनशे पानांचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. मोठ्या प्रकाशनसंस्थेला हा खर्च पेलतो. शनिवार पेठेतील एका खोलीत डीटीपीचा व्यवसाय करणाऱ्याला, किंवा पाचशे प्रती छापणाऱ्या प्रकाशकाला तो पेलत नाही. मग पुस्तक ‘उपलब्ध नाही’ या रकान्यात जाते. संशोधनाचे ग्रंथ, गावोगावचे इतिहास, छोट्या नियतकालिकांचे दिवाळी अंक अशा साहित्याला याचा फटका सर्वाधिक बसतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा प्रश्न इथे थेट भाषेच्या स्मरणशक्तीशी येऊन भिडतो.

कायद्याची बाजू

सॉफ्टवेअर विकले जाते की वापरायला दिले जाते, यावर न्यायालयांचेही एकमत नाही. ऑटोकॅडच्या जुन्या प्रती इंटरनेटवरून विकणाऱ्या एका विक्रेत्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला. ग्राहकाला मिळतो तो परवाना, मालकी नव्हे, असे न्यायालय म्हणाले. उलट युरोपीय न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये ठरवले की कायमचा परवाना एकदा विकला की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवर कंपनीचे नियंत्रण उरत नाही, मग ती प्रत डाउनलोड केलेली असली तरी. ग्राहकाला दिलासा देणारा हा निकाल होता. पण वर्गणीत मुळात विक्रीच नसल्याने तो हळूहळू निष्प्रभ होत गेला. अ‍ॅडोबीपाठोपाठ ऑटोडेस्कनेही २०१६ मध्ये बहुतेक सॉफ्टवेअरचे कायमचे परवाने विकणे थांबवले.

बाहेर पडण्याचा मार्ग तरी मोकळा असावा, ही किमान अपेक्षा. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून तेथील न्याय विभागाने अ‍ॅडोबीविरुद्ध दावा दाखल केला, तो नेमका याच मुद्द्यावर. मासिक हप्त्याच्या नावाखाली ग्राहकाला वर्षाच्या करारात अडकवले जाते, मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या रकमेच्या निम्मा दंड लागतो, हे पुरेसे स्पष्ट केले जात नाही आणि वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम बिकट ठेवली जाते, असे आरोप त्यात होते. कंपनीने ते फेटाळले आणि आपल्या अटी पारदर्शक असल्याचे सांगितले.

भारतीय ग्राहक या बाबतीत अगदीच निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी आधी संमती आणि चोवीस तासांपूर्वी सूचना आवश्यक झाली. तेव्हा अनेक परदेशी सेवांची वर्गणी अडकली आणि ग्राहक वैतागले. पण विस्मरणात गेलेल्या वर्गणीवर असा लगाम जगात फार थोड्या ठिकाणी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे जे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचाही समावेश आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली आहे आणि स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे. डीटीपी व्यावसायिक, छायाचित्रकार, एकट्याने काम करणारे संकलक यांना हे कलम उपयोगी पडू शकते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. महागाईचे कारण सांगून चोरीची प्रत चालवणाऱ्याला नैतिक किंवा कायदेशीर आधार नाही. शिवाय चोरीच्या प्रतीची सवय हीच मक्तेदारीची मोठी पायाभरणी ठरली. विद्यार्थिदशेत फुकट शिकलेले सॉफ्टवेअरच पुढे व्यवसायात विकत घेतले गेले आणि पर्यायांना शिरकाव करायला जागाच उरली नाही.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

बाजारातली स्पर्धा हे यावरचे नेहमीचे उत्तर. पण स्पर्धकांचे काय होते, हेही दिसले आहे. २००५ मध्ये अ‍ॅडोबीने ३.४ अब्ज डॉलरचा सौदा करून मॅक्रोमीडिया घेतली आणि इलस्ट्रेटरचा जुना प्रतिस्पर्धी ‘फ्रीहँड’ दोन वर्षांत संपला. फिग्मा ही कंपनी २० अब्ज डॉलरला घेण्याचा बेत मात्र युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये सोडावा लागला. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीची ‘अफिनिटी’ सॉफ्टवेअर २०१४ पासून एकरकमी, माफक किमतीत मिळू लागली आणि वर्गणीला कंटाळलेल्यांनी तिचे स्वागत केले. मार्च २०२४ मध्ये ती कॅनव्हाच्या ताब्यात गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोफत झाली. मोफत, पण कॅनव्हाचे खाते उघडण्याच्या अटीवर. म्हणजे किंमत गेली तरी दारावरचा पहारेकरी राहिलाच.

खऱ्या अर्थाने मोकळा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय चलत्चित्रांचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून मुक्त करण्यात आले. त्यावर तयार झालेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाने २०२५ मध्ये ऑस्कर पटकावले. भारतीय भाषांसाठी याहून जवळचे उदाहरण केरळचे आहे. ‘जनयुगम्’ या मल्याळम दैनिकाने २०१९ मध्ये पेजमेकर आणि जुने फाँट सोडून सारी पानमांडणी स्क्रायबस, गिम्प आणि इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, फाँट तयार करवून घेतले आणि रोजचे वर्तमानपत्र त्यावर काढून दाखवले. मुक्त सॉफ्टवेअर फुकट नसते, त्याची किंमत शिकण्यात आणि सवय मोडण्यात मोजावी लागते. मात्र ती एकदाच मोजावी लागते, महिन्याच्या महिन्याला नाही.

प्रत्येक व्यावसायिकाने मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर सोडावीत, अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. ग्राहक ज्या फायली पाठवतो त्या उघडाव्या लागतात आणि नोकरीच्या जाहिरातीत फोटोशॉपचेच नाव असते. मागण्या मात्र माफक आणि रास्त आहेत. वर्गणी थांबवणाऱ्याला निदान आपल्या फायली उघडण्याचे आणि निर्यात करण्याचे साधन कायम मिळावे. काही वर्षे नियमित पैसे भरणाऱ्याला थांबताना हाती असलेली आवृत्ती राखता यावी. परवाना देणारे सर्व्हर बंद करताना कुलूपही काढून घेण्याचे बंधन असावे. सरकारी मुद्रणालये, विद्यापीठे, साहित्य महामंडळासारख्या संस्था यांनी सॉफ्टवेअर घेताना या अटी घातल्या तर एकट्या-दुकट्याच्या तक्रारीपेक्षा त्यांना वजन येईल.

असे करणे कंपन्यांना जमत नाही, असेही नाही. पीडीएफ हा फाइल-प्रकार अ‍ॅडोबीनेच १९९३ मध्ये जन्माला घातला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून सर्वांसाठी खुला केला. त्यामुळे कंपनी बुडाली नाही. उलट जगभरची कार्यालये, न्यायालये आणि छापखाने त्याच पायावर उभे राहिले. परिणामी तीस वर्षांपूर्वीची पीडीएफ आजही कोणत्याही संगणकावर एक पै न देता उघडून वाचता येते. त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या वर्षी मांडलेले पुस्तक मात्र त्या फायलीत उघडून एक चूक दुरुस्त करायची, तर आधी भाडे भरावे लागते.